थंडीला न जुमानणारं वाण

नारीनच्या डोंगरात थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. तिथे धिंगरी अळिंबी पिकावी म्हणून शास्त्रज्ञ इदिरिसने अर्धं आयुष्य आणि अख्खा संसार खर्ची घातला. शेवटी थंडीला न जुमानणारं एक वाण त्याच्या हाती लागलं. त्याच्या संशोधन संस्थेने त्याच्या अंगावर सन्मानाचा मखमली झगा चढवला. त्याच हिवाळ्यात प्रयोगशाळेचा बॉयलर फुटला आणि वाणाच्या सगळ्या नळ्या गोठून तडकल्या. एवढ्या थंडीला कोणतंच वाण जुमानल्याशिवाय राहत नाही, असा खुलासा संस्थेने केला.

आता ते वाण जिवंत होतं फक्त वरच्या गावात, त्याच्या प्रशिक्षणातल्या सगळ्यांत हुशार बाईकडे, कालिपाकडे. तिच्या खोलीत काडाने भरलेल्या पिशव्या टांगल्या होत्या. त्यातली चिमूटभर पांढरी बुरशी मिळाली तरी पुरे होतं.

कालिपाने दार उघडलं. आत मेंढ्या होत्या.

"सर, तुम्ही सांगितलंत तस्सं केलं बघा," ती म्हणाली. "खोली एक दिवसही गोठू दिली नाही."

"पिशव्या कुठायत?"

"मेंढ्या व्याल्या ना मध्येच! बाहेर कोकरं लाकडासारखी झाली असती. गावात उबदार खोली म्हणाल तर हीच."

"कालिपा, पिशव्या."

"खाल्ल्या की!" तिची सासू बुरमाकान मागून म्हणाली. "आधी वरवर कुरतडत होत्या, मग मीच फाडून दिल्या. असलं काड त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. दूध बघा केवढं सुटलंय!"

इदिरिस लेंड्यांमध्ये गुडघ्यांवर बसला. कोपऱ्यात पांढरं काहीतरी चमकलं. त्याने ते तळहातावर घेऊन हळूच फुंकर मारली. लोकर होती.

"रागावलात का, सर?"

"नाही."

"मग पुढच्या वर्षी बियाणं जास्त आणा. शेजारणीसुद्धा मागताहेत. चाऱ्याला."

एवढ्यात सासूने एक मेंढी ओढत दारात आणली, मागोमाग घरातले सगळे गोळा झाले. पाहुणा आला की जनावर कापायचं, आणि कापण्याआधी पाहुण्याने तळवे उचलून आशीर्वाद द्यायचा. त्याशिवाय सुरी चालत नाही.

"हिनेही खाल्लं?" इदिरिसने विचारलं.

"हिनेच जास्त. भाकड मेली, कोकरू ना काही, पण घुसली सगळ्यांच्या आधी."

शास्त्रज्ञाच्या मनात क्षणभर येऊन गेलं, पोटात अजून काही जिवंत असेल? मग मेंढीच्या पोटातली ऊब आठवली. थंडीचं वाण त्या उबेत टिकायचं नाही, हे त्यानेच एका निबंधात सिद्ध केलं होतं.

"सर, द्या ना," कालिपा कुजबुजली. "सगळे थांबलेत."

त्याने तळवे उचलले.

"या घरची जनावरं वाढोत," तो म्हणाला. "पोटभर खावोत."

"ओमीन!" सगळे म्हणाले आणि रीतीप्रमाणे सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. बाकीच्यांचे हात लगेच खाली आले. इदिरिसचे तोंडावरच राहिले.

"बघ, किती भक्तीने देतोय," सासू म्हणाली आणि मेंढी बाहेर ओढली.