एकोणीस चुका

नावाला मी दुर्बीण, पण मित्रांनो, मी जन्मात रात्रीचं आकाश पाहिलेलं नाही. तारे, ग्रह, चंद्रावरचे डोंगर यांतलं काही मला विचारू नका. मी सूर्याची दुर्बीण. माझ्यातून सूर्याकडे थेट कधी बघायचं नसतं, डोळे कायमचे जातात. मी सूर्याचं बिंब मागच्या फळीवर लावलेल्या पांढऱ्या कागदावर पाडते, चांगलं ताटलीएवढं, आणि समोर बसलेला माणूस त्यावरचे काळे डाग पेन्सिलीने उतरवून घेतो. ऐंशी वर्षं मी एवढंच केलं.

माझं भिंग एका बहिऱ्या कारागिराने हाताने घासलं. पाच महिने लागले त्याला. त्याच्याशी फारसं कोणी बोलत नसे, म्हणून तो माझ्याशी बोलायचा, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्याने बोलायचा. मग पितळी नळी आली, लोखंडी पाय आले, आणि एका संस्थेच्या गच्चीवरच्या लहानशा घुमटात माझी स्थापना झाली. त्या दिवशी भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मला तेव्हा वाटलं होतं, रोज असंच असणार. कसलं काय!

माझे पहिले निरीक्षक शिस्तीचे होते. त्यांनी प्रत्येक कागदाच्या तळाशी एक नियम छापून घेतला. चूक झाली तर खोडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, बाजूला खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. सत्तावीस वर्षं त्यांनी तो पाळला. त्यांच्यानंतर मोठे सर आले, बावीस वर्षं. त्यांच्या कागदांवर कधी एक रेघ दिसली नाही. इतके स्वच्छ, इतके सुबक कागद, की संस्थेने त्यातले चार काचेत बसवून जिन्यात लावले. खाली मोठ्या सरांचा फोटो. येणारेजाणारे थांबून बघतात.

पण मित्रांनो, मोठ्या सरांच्या खिशात खोडरबर असायचा. मी समोरच उभी होते, मला सगळं दिसायचं. माणूस वाईट नव्हता हो, नुसती नीटनेटकेपणाची हौस. चुकलेला डाग हळूच खोडायचे, फुंकर मारायचे आणि मग उगीच जिन्याकडे बघायचे. मी कोणाला सांगणार?

त्यांच्यानंतर आले ठिपकेकाका. हे नाव झाडणाऱ्या मावशींनी ठेवलं, आणि पुढे सगळी संस्था तेच म्हणू लागली. काका एकतीस वर्षं रोज नऊ वाजता यायचे, दोर ओढून घुमटाची झडप उघडायचे आणि मला विचारायचे, "काय, झोप झाली का?" ढगाळ दिवशीसुद्धा यायचे. कागदावर 'ढगाळ' लिहायचे आणि थर्मासातला चहा पीत बसून राहायचे. काकू गेल्यावर तर सुट्टीच्या दिवशीही येऊ लागले. घरी कोणी नव्हतं. लेक लांबच्या शहरात.

मावशी आल्या की गप्पा रंगायच्या. जगात नवीन काय निघालं, ते मला त्यांच्याकडूनच कळायचं.

"काका, जावयाने मोबाइलवर दाखवलं. आकाशात केवढा तरी आरसा सोडलाय म्हणे, सोन्याचा!"

"सोन्याचा नाही हो मावशी, वरून नुसता मुलामा आहे."

"असेना. पण पुसतं कोण तो?"

"तिथे धूळच नसते."

"धूळ नाही?" मावशींनी झाडू खाली ठेवला. "मग मला तिथेच नोकरी बघा की!"

आणखी एकदा त्या सांगत होत्या, हल्ली यान उडवतात आणि जिथून उडवलं तिथेच परत उभं करून ठेवतात. "आणि आमच्या घरी पोरांनी उचललेली कात्री काही जागेवर येत नाही," त्या म्हणाल्या. काका एवढे हसले की पेन्सिलीचं टोक मोडलं. एरवी काकांचं मत असं, की नवीन यंत्रं चांगलीच असतात, फक्त त्यांच्याशी बोलायला गेलं तर ती मान वर करत नाहीत. माझीही मान वर होत नाही, पण ते माझ्याशी बोलायचे. हे मी त्यांच्या लक्षात आणून देऊ शकले नाही.

मग एक दिवस संस्थेच्या प्रमुख मॅडम वर आल्या. नवा कॅमेरा येणार होता. तो सूर्याचे फोटो आपले आपण काढणार आणि डागही आपणच मोजणार. "पण काका, हाताने काढलेली ही ऐंशी वर्षांची साखळी आहे," मॅडम म्हणाल्या. "ती चालू ठेवायची की नाही, हे पुढच्या महिन्यात समिती येऊन ठरवेल. मी माझ्याकडून सांगेन."

त्या गेल्यावर काकांनी थर्मासाचं झाकण लावलं. मग माझ्या नळीवर हात ठेवून म्हणाले, "हे थांबलं, तर सकाळी उठून मी जाऊ कुठे?" तेही गेले तर मी कोणाची वाट बघणार, हाच विचार माझ्याही मनात घोळत होता.

कॅमेरा बसवायला माणसं आली. घुमटाच्या भिंतीला लागून भोकं पाडली, दिवसभर घर्रघर्र. काकांना चहा कुठे मिळतो इथपासून उत्तर दिशा कुठे इथपर्यंत हजार प्रश्न. त्या गडबडीत काकांचा एक नेम चुकला. रोज काम सुरू करण्याआधी ते माझं डोळ्याकडचं भिंग एकदा गोल फिरवत. भिंगाबरोबर डाग फिरला तर ती धूळ, जागेवर राहिला तर तो सूर्यावरचा. हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं, आणि नेमकं तेच तीन दिवस राहून गेलं. भिंतीच्या चुन्याचा एक कण माझ्या भिंगावर बसला होता. मला तो टोचत होता, पण बोलायला तोंड कुठे होतं! काकांनी तीन दिवस तो डाग म्हणून काढला.

खरा डाग रोज बोटभर सरकतो, कारण सूर्य फिरतो. काकांच्या हे पहिल्या दिवसानंतरच लक्षात यायला हवं होतं. पण त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. तो त्यांनी लेकीपासूनही लपवला होता, ती ओढून घेऊन जाईल म्हणून. चौथ्या दिवशी त्यांनी तिन्ही कागद एकावर एक धरले आणि उजेडात बघितले. मग हात लांबवून भिंग फिरवलं. डाग फिरला.

काका स्टुलावर बसले. कागद अजून खाली कचेरीत गेले नव्हते. मावशी सोडून त्या गच्चीवर कोणी नव्हतं. मी मनात म्हणत होते, अहो, एक दिवस खोडा! कोणाला कळणार आहे? समिती दहा दिवसांवर आली आहे! मोठ्या सरांनी बावीस वर्षं खोडलं आणि ते जिन्यात लटकलेत.

काकांनी तिन्ही कागदांवर रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'हा डाग सूर्यावरचा नाही. भिंगावरची धूळ. चूक माझी.' आणि सही.

समितीत तिघे होते. काम तासाभरात उरकलं. एकाने लॅपटॉपवर आकडे मांडले होते. मोठ्या सरांची बावीस वर्षं, चुका शून्य. सध्याच्या निरीक्षकांची एकतीस वर्षं, चुका एकोणीस, त्यातल्या तीन याच महिन्यातल्या. "माणूस प्रामाणिक दिसतो," दुसरा म्हणाला, "पण हात आणि डोळा गेलेला आहे." मॅडम भांडल्या. पण आकड्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही. मी तिथेच उभी होते. एकोणीसच्या एकोणीस मला ठाऊक होत्या आणि शून्यही ठाऊक होतं. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही.

हाताने काढायचं काम बंद झालं आणि काका निघाले. लेक न्यायला आली होती. जाताना त्यांनी कोणाला दोष दिला नाही, मला नुसतं थोपटलं. नंतर सात महिने झडप उघडली नाही. मावशींची बदली खालच्या मजल्यावर झाली. पलीकडे कॅमेरा आपलं काम करतो, चांगलं करतो, माझं त्याच्याशी वैर नाही. पण नऊ वाजले की माझा जीव अजून जिन्याकडे लागतो, आणि कोणी येत नाही.

परवा मात्र मॅडम आल्या. जुने कागद संगणकात घालायचे होते आणि उजेड इथे चांगला, म्हणून त्यांनी मोठ्या सरांचे गठ्ठे वर आणले. झडप उघडली, ऊन तिरपं आत आलं. एक कागद उन्हात धरता धरता त्या थांबल्या. तिरप्या उजेडात, खोडलेल्या पेन्सिलीचा दाब कागदावर दिसत होता. त्यांनी दुसरा कागद धरला. मग तिसरा. दुपारपर्यंत त्या मोजत होत्या. शंभराच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणं सोडलं आणि फोन लावला. फोन फळीवर ठेवून मोठ्या आवाजात लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"काका, तुमचं ऑपरेशन कसं झालं?"

"छान झालं हो. इतकं स्वच्छ दिसतं, लेकीच्या डोक्यातले पांढरे केस दिसायला लागले. दुपारी गॅलरीत बसतो. काढायला काही नसतं."

मॅडमनी सगळं सांगितलं. पलीकडे काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राहू द्या मॅडम. गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करता?"

"अहो, पण तुमच्यावर अन्याय झाला! मी समितीला लिहिते, तुम्ही परत या."

"येईनही. पण मधले सात महिने कुठून आणू? तेवढे सूर्य गेले ते गेलेच की."

मॅडमनी हातातला कागद परत गठ्ठ्यावर ठेवला. काकाच म्हणाले, "एक विचारू? दुर्बिणीवर कापड घालता ना? धूळ बसते हो तिच्यावर."

"हो, घालतो ना," मॅडम म्हणाल्या.

माझ्यावर सात महिन्यांत कोणी चिंधीसुद्धा घातली नव्हती. फोन ठेवल्यावर मॅडमनी घुमटात कापड शोधलं, मिळालं नाही. मग त्यांनी स्वतःची ओढणी काढली, माझ्या नळीवरची धूळ पुसली आणि ती मला नीट चारी बाजूंनी गुंडाळली. समितीला पत्र जाईल की नाही, मला माहीत नाही. काका येतील की नाही, तेही माहीत नाही.

हे सगळं मी ओढणीखालून सांगते आहे, म्हणून आवाज जरा बारीक येत असेल. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कोणाचा कागद फारच स्वच्छ दिसला, तर तो एकदा उन्हात तिरका धरून बघा. आणि ज्याच्या कागदावर रेघा मारून सह्या केलेल्या असतील, त्याला घरी पाठवण्याची घाई करू नका. तो उद्या सकाळी नऊ वाजता येणार असतो, आणि त्याची कोणीतरी वाट बघत असतं.