भेगेवरची काच

भेग आधी केसाएवढी होती. मग दोऱ्याएवढी झाली, आणि मग तिच्यात नख जायला लागलं. दर वर्षी अध्यक्ष तिच्यात पुट्टी भरून वरून रंग मारून घेत, आणि दर वर्षी ती रंगातून डोकं वर काढी, न बोलावता मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी.

अध्यक्षांचं तळमजल्यावर गाद्यांचं दुकान होतं, म्हणून त्यांना सगळे गादीशेठ म्हणत. तीन मजल्यांच्या त्या इमारतीत बावीस दुकानं, आणि बावीस दुकानदारांच्या वतीने भेगेबद्दल बोलायचा मक्ता गादीशेठांकडे.

"इमारत श्वास घेते," ते सांगत. "श्वास घेतला की छाती फुगते, छाती फुगली की रेघ पडते. जन्मभर गाद्या विकल्या मी. श्वासाचं मला शिकवू नका."

सगळे हसत. हसू येत नसे ते फक्त सचिवबाईंना. सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान होतं. अक्षर चांगलं, म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि भेगेचा खांब त्यांच्या दाराला लागूनच होता. त्या खांबातून ओल यायची. ओल भिंतीतून कपाटात जायची, कपाटातून कागदात, आणि मग मशीन कागद गिळायचं ते परत द्यायचंच नाही. दिलाच तर चुण्या पाडून, पंख्यासारखा. गेल्या महिन्यात एका पोरीचा सगळा प्रबंध असा पंखा होऊन बाहेर आला होता. ती रडली, बाईही रडल्या, आणि त्यानंतर त्या वाटेने गिऱ्हाईक यायचं कमी झालं. असंच चाललं, तर पुढच्या वर्षी दुकानाला कुलूप लावून घरी बसायचं, हे त्यांना कळून चुकलं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना तर नाहीच.

सासरे म्हणजे तळमजल्यावरचे काचवाले अप्पा. खिडक्यांच्या, तसबिरींच्या, कपाटांच्या काचा कापण्यात चाळीस वर्षं गेली होती. दुकानावर पाटी होती: 'आमची काच आपोआप फुटत नाही.' काच कापताना अप्पा स्वतःशीच काहीतरी जुळवून गुणगुणत.

"काचेवरची रेघ बाई, एकदाच ओढावी
दुसऱ्यांदा ओढली, तर माया तुटावी."

आणि खरंच ते हिऱ्याच्या कलमाने एकदाच रेघ ओढत, अंगठ्याने हळूच दाबत, आणि काच अशी विलग होई जशी दोन माणसं भांडण न करता वेगळी व्हावीत.

बाईंनी खटपट करून एका इंजिनीअरला आणलं. त्याने पिशवीतून छोटी हातोडी काढली, खांबाला कान लावला आणि वरपासून खालपर्यंत टकटक करत गेला. त्या दिवसापासून त्याचं नाव टकटकसाहेब पडलं. एका जागी खांब 'टक्' न वाजता 'भद्' वाजला. साहेबांनी मान हलवली.

"वरची टाकी रोज सकाळी भरून वाहते ना?"

"वाहते," बाई म्हणाल्या. "पंप जो लावतो त्याला वाटतं दुसरा बंद करेल. आणि टाकीतला चेंडू तुटलाय. पाणी भरलं की थांबत नाही."

"ते पाणी या खांबात उतरतं. आतली सळई गंजते. गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट ढकलते. इमारत काही पडत नाही लगेच. पण हे दाताच्या किडीसारखं आहे. आत्ता चेंडू बदला, गच्चीची गळती बुजवा, एवढा एक खांब खरवडून नीट भरून घ्या. आठ दिवसांचं काम. तीन वर्षांनी बोलावलंत, तर प्रत्येक खांबाभोवती काँक्रीटचा नवा थर चढवावा लागेल आणि सहा महिने सगळी दुकानं बंद. खर्चाचं तर विचारूच नका."

"पण भेग वाढतेय कशावरून?" गादीशेठांनी विचारलं. "जुनी असेल. माझ्या पाठीवर लहानपणचा व्रण आहे, तो कुठे वाढतोय?"

मग साहेबांनी अप्पांच्या दुकानातून बोटभर रुंदीची, अगदी पातळ काचेची पट्टी कापून आणवली. भेगेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवी ठेवून दोन्ही टोकं पक्की चिकटवली आणि वर तारीख लिहिली.

"ही आपली साक्षीदार. भेग थांबलेली असेल तर काच तशीच राहील. केसभर जरी हलली तरी फुटेल."

गादीशेठांनी तिथल्या तिथे सभा भरवून ठराव मांडला. तीन महिन्यांत काच फुटली तर दुरुस्ती. नाही फुटली, तर तीन वर्षं हा विषय सभेत काढायचा नाही. बाईंनी तो ठराव स्वतःच्याच सुंदर अक्षरात लिहून घेतला.

अप्पा सभेला नव्हते. सभेला ते कधीच जात नसत. "तिथे चहा तेवढा बरा असतो, आणि तो मला इथेही मिळतो," असं त्यांचं म्हणणं. पट्टी कशाला हवी, हेही त्यांनी विचारलं नव्हतं. घाईघाईने जिना उतरताना बाई त्यांच्या दारात थांबल्या.

"मामंजी, वरच्या खांबावर ती काच लावलीय ना, तिच्यावर जरा लक्ष ठेवा हं. माझं सगळं तिच्यावर आहे."

एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. पोरांची शाळा सुटायची वेळ झाली होती.

अप्पांनी ते वाक्य मनात जपून ठेवलं. सुनेने कधी काही मागितलं नव्हतं. लग्न होऊन आली तशी मान खाली घालून कामाला लागलेली पोर. नवरा परगावी नोकरीला, घर, पोरं, दुकान सगळं एकटी ओढते. तिने एक गोष्ट सांगितली, तीही काचेची. दुसरं काही असतं तर अप्पांनी देवावर सोडलं असतं. पण काच सांभाळायची, तर त्यासाठी या जगात अप्पांहून लायक माणूस कोण होता?

इमारतीचं मोठं शटर अप्पाच उघडत, सकाळी आठाला. सून दहाला यायची. ते आधी वर जाऊन काच बघत, उपरण्याने पुसत आणि मग आपलं दुकान उघडत.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टाकी वाहत होती आणि काचेच्या मधोमध तडा गेला होता.

अप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं. आपली काच! आपोआप! आणि सुनेचं सगळं जिच्यावर, तीच! ते धापा टाकत खाली गेले, जरा जाड काच कापली, वर येऊन जुनी खरवडून नवी बसवली. तारीखही होती तशीच लिहिली, साहेबांच्या वळणात. चांगलं काम केलं की काही झालं होतं हे कळू नये, असा त्यांचा धर्म.

दहाला सून आली. आल्या आल्या तिने काचेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. अप्पा जिन्यातून बघत होते. त्यांना वाटलं, बिचारीला काच फुटायची केवढी धास्ती! जेवतानाही तिचं लक्ष ताटात नव्हतं.

"काळजी करू नकोस," अप्पा म्हणाले. "काही होणार नाही त्या काचेला."

"तेच तर मामंजी," म्हणून तिने सुस्कारा सोडला आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.

ती जाड काच महिन्याने फुटली. अप्पांनी त्याहून जाड बसवली. तीही फुटली. अप्पांना झोप लागेना. चाळीस वर्षांत एवढा अपमान कुणी केला नव्हता, आणि तोही एका खांबाने! शेवटी त्यांनी अक्कल लढवली. माशांच्या काचेच्या टाक्या जोडायला वापरतात ते रबरासारखं सिलिकॉन काढलं आणि त्याच्यावर पट्टी बसवली. आता खांबाने हवं तेवढं अंग हलवावं, काच त्याच्यासोबत डोलेल, पण फुटणार नाही. त्या दिवशी अप्पा दुपारभर गुणगुणत होते.

तीन महिने झाले. खांबासमोरच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून सभा भरली. या वेळी अप्पा आपणहून आले, धुतलेला सदरा घालून, आणि पहिल्या रांगेत बसले.

टकटकसाहेब काचेसमोर उभे राहिले आणि गोंधळले. "भेग तर रुंद दिसतेय," ते पुटपुटले. "पण काच..."

"शाबूत!" गादीशेठ गरजले. "सचिवबाई, लिहा. काच शाबूत. विषय तीन वर्षं बंद."

"शाबूत!" म्हणून अप्पांनी टाळी वाजवली. एकट्यानेच. मग त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. तिचं पेन वहीवर टेकलेलं होतं आणि चालत नव्हतं.

"काय झालं ग? काच तर राहिली ना?"

"मामंजी," ती अगदी हळू म्हणाली, "ती फुटायला हवी होती. फुटली असती तर खांब दुरुस्त झाला असता. आता मला दुकान बंद करावं लागेल."

अप्पांचे हात टाळीच्या मधल्यामध्येच राहिले. एवढी वर्षं काच हाताळलेल्या माणसाला पहिल्यांदाच कळेना की हातात काय फुटलंय.

समोर बावीस दुकानदार. त्यातल्या निम्म्यांच्या दाराला, खिडकीला, कपाटाला अप्पांची काच. त्यांच्यासमोर काय सांगायचं? पण सुनेचं पेन अजून थांबलेलं होतं.

अप्पा उठले. घसा खाकरला.

"माझी काच फुटली," ते म्हणाले. "आपोआप फुटली. एकदा नाही, तीनदा. मीच बदलत होतो."

मग शिंपीणबाई फिसकन हसल्या आणि त्यांच्यामागून सगळा मजला हसत सुटला.

"वा अप्पा!" गादीशेठ म्हणाले. "सुनेसाठी खोटं बोलायचं, तर जरा पटेल असं तरी बोला. तुमची काच, आणि आपोआप?"

"खोटं नाही," टकटकसाहेब म्हणाले. त्यांनी बोटाने काच दाबली होती आणि ती खिळखिळ्या दातासारखी हलत होती. "मी लावलेली पट्टी नखाएवढी पातळ होती. ही चांगली जाड आहे. आणि खाली रबर आहे. हिच्यावर हत्ती नाचवला तरी फुटायची नाही."

"मग बाकीच्या फुटल्या याला पुरावा काय? मला फुटलेली काच दाखवा."

"भंगारात गेली," अप्पा खाली मान घालून म्हणाले.

"बघा!"

"मग पुन्हा लावू," सून उभी राहिली. तिचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता. "पातळ. साहेबांच्या हाताने. आणि गादीशेठ, राखणीला तुम्हीच बसा. मामंजींनी बदलली असं तुम्ही म्हणू नका, की कुणी फोडली असंही म्हणू नका. पंधरा दिवस. ठरावात लिहिते मी."

सगळ्यांनी हो म्हटलं. गादीशेठांना नाही म्हणता येईना.

सगळी सकाळ ते खांबासमोर बसू लागले. खुर्ची टोचते म्हणून दुकानातली गादी वर आणवली, मग उशी, मग लोड. दुसऱ्या दिवसापासून जिन्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला ते त्या गादीचे गुण सांगू लागले, आणि राखणीत दोन गाद्या विकल्यासुद्धा. बाई आपल्या दारातून बघत. अप्पा खाली दुकानात बसत. वर यायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास टाकी वाहू लागली. गच्चीवरून पाण्याची बारीक धार खांबाला लागून उतरली. गादीशेठ लोडाला टेकून चहा पीत होते.

'टिक्.'

आवाज एवढासा. पण गादीशेठांनी तो अगदी छातीपाशी ऐकला. डोळ्यांसमोर काचेवर रेघ आली, आणि तिचे दोन काठ एकमेकांपासून किंचित सरकले, जशी दोन माणसं ओळख विसरावीत.

गादीशेठांनी श्वास रोखला. मग कप तिथेच टाकला, गादी डोक्यावर घेतली आणि जिन्याने खाली धावत सुटले.

"बाहेर पडा! इमारत हलतेय! आधी गाद्या काढा!"

लोक बाहेर पळाले. बाई नुकत्याच येत होत्या, त्या शटरपाशीच थांबल्या. टकटकसाहेबांना फोन गेला. ते आले, वर जाऊन बघून खाली उतरले, आणि पडणार-बिडणार काही नाही, दुरुस्ती मात्र या आठवड्यात सुरू करा, असं म्हणाले.

"आठवड्यात कशाला? आजच!" गादीशेठ डोक्यावरची गादी न उतरवता म्हणाले. "तीन वर्षं मी बोंबलतोय की या भेगेकडे बघा!"

रस्त्यावरच सभा झाली. बाईंनी वही काढली, हात मोजले. एकवीस हात वर. गादीशेठांचे तर दोन्ही वर होते, पण ते गादीला धरलेले असल्याने बाईंनी एकच धरला.

हातांमागोमाग सह्याही झाल्या, पण एक हात कमी होता. अप्पा कुठे दिसेनात.

बाई जिना चढून वर गेल्या. अप्पा खांबासमोर उभे होते. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. समोर फुटलेली काच.

"हात नाही लावला ग," ते मागे न बघता म्हणाले. "बघ हवं तर."

"बघितलं मामंजी."

"फार खाज सुटलीय पण."

बाई हसल्या, तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि तोंडावर पदर धरूनही तो आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला. मग त्यांनी वही उघडून खांबाला टेकवली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"बाविसावी सही राहिलीय. हात सोडा आता."