चार बोटं पाणी

"काठी-बिठी राहू दे रे, सरळ पाइप लाव," लाँड्रीचा मालक म्हणाला. "हॉस्पिटलच्या चादरी ओल्या पडल्यात. तासाभरात वाफ नाही मिळाली तर माझं काही खरं नाही."

घ्या. ज्याचा गळा धरायला निघावं त्यानेच मान पुढे करावी. टँकरवाला हातातली पितळी काठी तशीच धरून उभा राहिला. सव्वीस वर्षांत त्याने आधी टाकीत काठी बुडवल्याशिवाय जळणाच्या तेलाचा कॉक उघडला नव्हता. आज, फक्त आजच्या दिवस, ती बुडवायची नाही असं ठरवून तो आला होता.

काठीचं काम तसं साधं. तेल किती आहे ते खुणांवरून कळतं. टोकाला पिवळट लेप फासला की तळाशी पाणी आहे का तेही कळतं, कारण पाणी लागलं की तो लेप लालभडक होतो. पाणी तेलाहून जड, ते तळाला गुपचूप बसून असतं. वरून जोरात तेल सोडलं की ते घुसळून निघतं, बर्नरपर्यंत जातं, आणि बर्नर खोकत खोकत मान टाकतो. म्हणून आधी काठी, मग पाइप. या हट्टापायी, आणि अंगावर मूठभर मांस नसल्यामुळेही, डेपोतले लोक त्यालाच काठी म्हणत. "निघाली काठी, काठी घेऊन," असं ऑफिसमधली बाई रोज म्हणायची आणि रोज स्वतःच हसायची.

गॅसची पाइपलाइन शहर सोडून या अंगाला आलीच नव्हती. वीटभट्टी, बेकरी, कोंबड्यांच्या शेड, ही लाँड्री, सगळ्यांचं चूलपाणी टँकरवर. लाँड्रीची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरकडे असायची. तो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेला, आणि आज सकाळी पावतीवर हा पत्ता वाचताना काठीचे कान गरम झाले. सापडलास बेट्या, असं तो मनात म्हणाला, आणि डेपोपासून इथपर्यंत तेच म्हणत आला.

अकरा वर्षांपूर्वी या बॉयलरवर त्याचा थोरला भाऊ होता. टाकीवरचा पत्रा नेमका झाकणावरच गळायचा. दादा दर सोमवारी तळाचा कॉक उघडून पाणी काढायचा आणि पत्रा बदला, पत्रा बदला म्हणून मालकाचं डोकं खायचा. मालक या कानाने ऐकायचा आणि त्या कानाने सोडून द्यायचा. मग दादा तापाने दोन आठवडे पडला, पाणी कुणी काढलं नाही. तो कामावर परतला त्याच दिवशी बर्नर विझला, आणि पुन्हा पेटवताना आगीचा लोळ बाहेर आला. दादाच्या भुवया गेल्या, मालकाच्या चारशे चादरी गेल्या. विमावाले चौकशीला आले तेव्हा मालकाने एका वाक्यात सगळं खापर दादावर फोडलं. बॉयलरवाला प्यायलेला होता, म्हणाला.

आणि दादाने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण ते वाक्य त्याच्या आधी प्रत्येक दारी पोचायचं. पुन्हा कुणी त्याला बॉयलरजवळ उभं केलं नाही. सहा वर्षं कुठल्या कुठल्या फाटकांवर पहारा करत बसला आणि गेला. तो गेला त्या दिवशी शेजारची बाई दारात उभी राहून कुणाला तरी म्हणाली, "पिणाऱ्याचं असंच व्हायचं." वहिनीने ते ऐकलं, काठीनेही ऐकलं. तेव्हापासून त्याने मालकावर डूख धरला होता.

आज सूड अगदी स्वस्तात मिळत होता. काही करायचं नव्हतं, एक गोष्ट फक्त करायची नव्हती. त्याने वर पाहिलं. पत्रा तोच, भोक तेच, गंजून वाटीएवढं झालेलं. गेल्या आठवड्यात पाऊस पडून गेला होता. म्हणजे तळाशी पाणी असणार, यात शंका नको. दोन हजार लिटर तेल पूर्ण जोरात सोडायचं, पावतीवर सही घ्यायची आणि निघायचं. तासाभरात बॉयलर गप्प, चादरी ओल्या, हॉस्पिटलवाले दुसरी लाँड्री बघणार. मालकाला असं पाणी पाजायचं, आणि तेही त्याच्याच टाकीतलं.

त्याने काठी टँकरच्या खोबणीत परत ठेवली. पाइप ओढून टाकीला जोडला. कॉकवर हात ठेवला.

बॉयलरवाला, पन्नाशीचा, खोकणारा माणूस, हातात फडकं घेऊन बाजूला उभा होता. मालक त्याच्याकडे वळला. "आणि तू ऐक. आज काही बंद पडलं तर तुझी खैर नाही. सकाळीच तोंडाला वास मारत होता तुझ्या."

"साहेब, खोकल्याचं औषध घेतलंय."

"औषधाचा वास मला कळतो रे."

काठीचा हात कॉकवरच राहिला. तासाभराने काय होणार ते त्याला समोर दिसलं. बर्नर मान टाकणार, मालक हात झटकणार, आणि उद्या या खोकणाऱ्याच्या गल्लीतली कुणीतरी बाई दारात उभी राहून बोलणार. नेम धरायचा मालकावर आणि लागणार याला. सूडसुद्धा आपल्यापर्यंत पोचू नये अशी सोय करून ठेवलीय या माणसाने. याचा काठीला इतका संताप आला की पाइप सोडवताना त्याची बोटं सोलली.

त्याने काठी काढली, टोकाला लेप फासला, आणि झाकण उघडून ती तळापर्यंत सोडली.

"अरे, परत काठी कशाला?" मालक म्हणाला.

काठीने ती वर काढली आणि मालकाच्या नाकासमोर धरली. टोक लाल झालं होतं. "चार बोटं पाणी आहे. मी भरत नाही."

पावतीवर त्याने ठसठशीत लिहिलं: टाकीत चार बोटं पाणी, छप्पर गळकं, मालकांना दाखवलं. एक प्रत त्याने बॉयलरवाल्याला दिली. "ही घरी ठेव, इथे नको. तळाचा कॉक का उघडत नाहीस?"

"गंजून जाम झालाय. चार महिने सांगतोय."

मालकाचा सूर उतरला. "अरे भल्या माणसा, तुला काय पाहिजे ते सांग. पण टाकी भर."

हे वाक्य ऐकायला काठी पाच वर्षं थांबला होता. "एक कागद पाहिजे," तो म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी इथे आग लागली तेव्हा बॉयलरवर माझा भाऊ होता. तो प्यायलेला नव्हता. टाकीत पाणी होतं, पत्रा गळत होता, आणि तुम्हाला ते माहीत होतं. एवढं लिहून द्या. मग पाणी काढू आणि मी भरतो."

मालक चिडला तर काय म्हणायचं, नाकबूल केलं तर काय, गयावया केली तर काय, सगळं त्याच्याकडे तयार होतं. मालकाने नुसत्या भुवया आक्रसल्या.

"कुठला रे? तो उंच होता तो? का मध्येच पळून गेला तो? सहा-सात झाले आतापर्यंत."

"ज्याच्या भुवया जळल्या तो."

"असेल, असेल. लिहितो की. काय लिहायचं ते तू सांग."

आणि मशीनच्या झाकणावर कागद ठेवून, चादरींची यादी करावी तसं त्याने भराभर लिहून काढलं. नावाच्या जागी थबकला, तेवढी जागा सोडून पुढे गेला. सही केली. "शिक्का मारू का रे? बरा दिसेल."

काठीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याऐवजी त्याने टँकरमधून हातपंप काढला आणि मालकाच्या हातात बादली दिली. "धरा. बाहेर नेऊन पिंपात ओता." पांढरे बूट घातलेल्या मालकाने तेलकट पाण्याच्या अकरा बादल्या वाहिल्या, कुरकुर न करता, वर बॉयलरवाल्याशी थट्टाही करत. असल्या माणसाचा पाणउतारा तरी कसा करायचा, सांगा. शेवटी काठी पुन्हा बुडवली तेव्हा टोक पिवळंच राहिलं. टाकी भरली, बॉयलर पेटला.

टँकरमध्ये बसल्यावर काठीने तो कागद मांडीवर घेतला, खिशातलं पेन काढलं आणि मोकळ्या जागेत दादाचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

संध्याकाळी वहिनी शिलाई मशीनवर होती. तिने चष्मा पुसला आणि कागद दोनदा वाचला, ओळीवर बोट ठेवून.

"त्याला हे आठवत होतं?" तिने विचारलं.

"न आठवायला काय झालं? मान वर होत नव्हती त्याची."

"काही बोलला?"

"चुकलं म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं."

वहिनीचं बोट नावावर येऊन थांबलं होतं. "भाऊजी, नाव तेवढं तुमच्या अक्षरात आहे."

काठीने सोललेली बोटं मुठीत मिटली. वहिनीने त्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग तिने दिवा बंद केला, मशीनवर कापड टाकलं, पदर सारखा केला आणि पायात चप्पल सरकवली.

"कुठे निघालात?"

"शेजारी." कागद तिने घडी न घालता हातात धरला होता. "त्यांना कुठे तुमचं अक्षर ओळखू येतंय?"

आणि तिने शेजारच्या दाराची कडी वाजवली.