माझ्या वाट्याची खोली

रुकश्टूल नवरा-बायको आमच्या होलेनेगला पहिल्यांदा आले ते नोव्हेंबरात, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. नोव्हेंबरात गाई गोठ्यात असतात, गवत कापायची यंत्रं झाकून ठेवलेली असतात, समोरच्या डोंगरावरचे स्कीवाल्यांचे तारेवरचे पाळणे अजून सुरू व्हायचे असतात आणि जो तो घरात बसून नाक शिंकरत असतो. त्या दिवसांत आमच्याकडे शांतता असते, कारण कुणाला काही कामच नसतं. या दोघांना वाटलं, गावाचा स्वभावच असा. बाई म्हणे रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ऊर्स, ऐक ना. काही म्हणजे काही ऐकू येत नाही." पोस्टाची बस चालवणारा योडोक मागे हॉर्न वाजवत थांबला होता. त्याने माझ्या दुकानात येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, "मग तिला कानाच्या डॉक्टरकडे ने."

नवरा झ्यूरिखचा दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात यंत्र फिरवून कंटाळला असेल, म्हणून याला आता शांतता हवी. आणि शांततेपासून पाळण्याने दहा मिनिटांवर स्कीसुद्धा हवं. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं म्हटल्यावर त्यांनी आमच्या वडिलांचं घर पसंत केलं. नव्या घरांना सुट्टीचं घर म्हणून परवानगी मिळत नाही, जुन्यांना तो नियम नाही. त्यामुळे ज्या काळ्या लाकडांकडे चाळीस वर्षं कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांना एकदम सोन्याचा भाव आला.

घर आमच्या वडिलांचं म्हणते खरी, पण आमच्याकडे घर कुणा एकाचं नसतंच. आमच्या वालिस प्रांतात वाटणी म्हणजे वाटणी. कुरण फुटतं, गोठा फुटतो, घर मजल्यामजल्याने फुटतं आणि मजला खोलीखोलीने. माझ्या एका मावशीच्या नावावर अर्धा जिना होता. भावाशी अबोला धरला तेव्हा ती दोन वर्षं त्या जिन्याच्या डाव्या कडेकडेने चढत-उतरत होती, उजवीकडे पाऊल म्हणून टाकलं नाही. आमच्या या घरात वरचा मजला माझ्या धाकट्या भावाचा, थिओदूलचा. मधल्या मजल्यावरची दगडी शेगडीची मोठी खोली माझी आणि अर्धं स्वयंपाकघरही माझं. उरलेलं अर्धं पुन्हा थिओदूलचं. तळमजला आमच्या चुलतभावाची मुलगी रोमाना हिचा. ती, तिचा नवरा योडोक आणि तीन मुलं तिथे राहतात. मी दुकानाच्या मागे राहते आणि थिओदूलने पाळण्याच्या तळाशी सिमेंटचा एक खोका बांधलाय, त्यात तो पाहुणे ठेवतो. म्हणजे त्या घरात खरं नांदणारं कुटुंब एकच, रोमानाचं.

घर विकायचं तर तिघांच्या सह्या लागतात. मी सही देत नव्हते.

थिओदूल दर आठवड्याला दुकानात यायचा, चीजच्या कपाटाला टेकून उभा राहायचा आणि सुरू व्हायचा.

"अगं ताई, त्या खोलीत तुझं आहे तरी काय? एक बाक, एक टेबल आणि मेलेल्या माणसांचे फोटो."

"त्यातल्या एका फोटोत तू आहेस," मी म्हटलं.

"सगळ्यांचं ठरलंय, फक्त तुझंच अडलंय."

"सगळ्यांचं म्हणजे तुझं आणि तुझ्या त्या सिल्व्हानचं."

सिल्व्हान त्याचा मुलगा. हिवाळ्यात तो लोकांना बर्फावर पडायला शिकवतो आणि उरलेलं वर्ष घरं विकतो. दोन्हीकडे केसांना तेच तेल. होलेनेगच्या छप्पन्न घरांपैकी पस्तीस घरांच्या खिडक्या आता वर्षातून दहा दिवस उघडतात, त्यातली वीसेक तरी या पोराने विकलीत आणि वर दुकानात येऊन मला विचारतो, "आत्या, हल्ली गावात माणसं का दिसत नाहीत गं?"

माझं म्हणणं सरळ होतं. शाळेत नऊ मुलं. त्यातली तीन रोमानाची. सातच्या खाली आकडा गेला की वरून माणूस येतो आणि शाळेला कुलूप लावून जातो. शाळा गेली की उरलेली दोन कुटुंबं जातील, मग बस जाईल, मग माझं दुकान. आणि रोमाना बिचारी मुलखाची भिडस्त. थिओदूलने दम भरला असणार आणि तिने मान हलवली असणार, याबद्दल मला शंका नव्हती. हिवाळ्यात रोज दुपारी मी जाऊन शेगडी पेटवायचे, शाळा सुटली की तिघं वर यायची, ओले हातमोजे दगडावर टाकायची आणि बाकावर बसून गृहपाठ करायची. त्यांना बेघर होऊ देणार नाही, असं मी दुकानात येईल त्याला सांगत होते. लोक माना डोलवायचे. पाद्री तर म्हणाले, "क्रेसेंझ, तू आहेस म्हणून गाव आहे." मला ते पटलं.

मग मेच्या अखेरीस मीच डाव टाकला. सिल्व्हानला म्हटलं, "आण तुझ्या झ्यूरिखवाल्यांना. मी घर दाखवते." मुद्दाम सामाईक कामाचा शनिवार निवडला. त्या दिवशी दर घरामागे एका माणसाने कुदळ घेऊन यायचं आणि पाण्याचा पाट साफ करायचा, हा आमच्या गावचा नेम. सकाळी सातला चिखल, डोंगरउतार, वर ऊन आणि शेजारी माणसागणिक शिव्या. म्हटलं, साहेब दुपारपर्यंत झ्यूरिखच्या गाडीत बसलेले असतील.

साहेब नवे कोरे बूट घालून आले. दोन तास चिखल उपसला. पाटाचा काठ एके ठिकाणी त्यांनी फोडून ठेवला, तो बुजवायला तीन माणसं लागली. वर येऊन मला म्हणाले, "फ्राऊ इमझेंग, इतकं खरं जगणं मी कधी अनुभवलं नव्हतं." याच्यासाठी झ्यूरिखला लोक पैसे मोजतात म्हणे.

तरी मी धीर सोडला नाही. घरात नेलं आणि एकेक करून सांगायला लागले.

"पहाटे पाचला चर्चची घंटा होते. चांगली पाच मिनिटं."

"अय्या!" बाई म्हणाली. "ऊर्स, म्हणजे गजर लावायला नको!"

"खिडकीखाली शेणाचा ढीग असतो. जुलैत माश्या येतात."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? गाई अजून आहेत!"

"नोव्हेंबरपासून अडीच महिने सूर्य डोंगराआड जातो. दिसत नाही."

"त्वचेला किती चांगलं," बाई म्हणाली आणि गालावरून हात फिरवला.

"तुळई खाली आहे. डोकं आपटेल."

तोवर साहेबांचं आपटलंच होतं. कपाळ चोळत ते म्हणाले, "हे घर माणसाला वाकायला शिकवतं." सिल्व्हानने लगेच मान डोलावली, जणू वाकणं त्यानेच शोधून काढलंय.

मग मी शेवटचं पान टाकलं. "ही खोली माझी आहे आणि माझीच राहणार," मी म्हटलं. "शेगडीचं तोंड स्वयंपाकघरात आहे, तेही माझ्याच अर्ध्यात. हिवाळ्यात मी रोज येऊन ती पेटवते. तुम्ही असा, नसा, झोपलेले असा. माझा हक्क आहे. मी येणार, लाकडं टाकणार आणि बाकावर बसणार."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, जिंकले. बाईने सिल्व्हानला बाजूला घेतलं, पण लाकडी घरात बाजू म्हणून काही नसतं.

"ह्या बाई घराबरोबरच मिळतात का?" तिने विचारलं. "नाताळात आमचे पाहुणे येतील तेव्हा? त्या निळ्या एप्रनमध्येच?"

मी त्या एप्रनला हात पुसले आणि दोघांना दार दाखवलं. सिल्व्हानलाही. थिओदूलला निरोप पाठवला की मी मेल्यावर माझ्या थडग्याकडून सही घे. दिवसभर अंगाची लाही लाही होत होती, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. राग आला की मला माझं सगळंच पटतं.

संध्याकाळी दुकान आवरत होते तेव्हा रोमाना आली. पाव संपला होता, म्हणून मी तिला सांगितलं, "पाव नाही, पण बातमी आहे. हाकलून दिलं त्यांना. आता निवांत राहा पोरांना घेऊन."

ती काउंटरपाशी उभी राहिली. पिशवी दोन्ही हातांत धरलेली.

"आत्या," ती म्हणाली, "सही कर ना गं."

"थिओदूलने पाठवलं तुला?"

"नाही."

"मग सिल्व्हानने. त्या तेलकट कार्ट्याला मी—"

"सिल्व्हानला फोन मीच केला होता. गेल्या सप्टेंबरात. घर विकायचं मीच काढलं. काकांना तर नंतर कळलं. फेब्रुवारीत पहिली सही माझी झाली."

मी काउंटरमागच्या स्टुलावर बसले.

"योडोकला खाली फिस्पच्या आगारात नोकरी मिळालीये," ती म्हणाली. "आता तो पहाटे साडेचारला उठतो, मग मी उठते. थोरला लेअँडर सप्टेंबरपासून खालच्या शाळेत जाणार, म्हणजे त्यालाही सहाची बस. तळमजल्याला ओल आहे, धाकटीचा खोकला तीन हिवाळे गेला नाही. फिस्पला तीन खोल्या बघितल्यात. गॅलरी आहे. ऊन येतं आत्या, जानेवारीतसुद्धा. आमच्या वाट्याचे पैसे आले तरच जमेल, आणि त्या खोल्यांचे मालक शुक्रवारपर्यंतच थांबणार आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? मी दुकानात शिरले की तू गिऱ्हाइकांना सांगत असायचीस, 'मी रोमानाच्या पोरांसाठी लढतेय.' सगळे वळून माझ्याकडे बघायचे. एकदा पाद्रीबाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काय सांगणार होते मी? पाव घ्यायचे आणि निघायचे." तिचा आवाज चढला, आणि रोमानाचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. "आठ महिने झाले आत्या. तू मला एकदा तरी विचारलंस? एकदा?"

या गावात माझ्या जिभेच्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. पाद्री नाही, भाऊ नाही, झ्यूरिखचे दातवाले नाहीत. रोमानासाठीही मी शब्द शोधला. डरपोक म्हणावं, कृतघ्न म्हणावं, असं मनात येऊन गेलं. पण ती समोर उभी होती, डोळ्यांखाली काळं, हातावर चिखल, कारण सामाईक कामाला घरातर्फे सकाळी तीच आली होती आणि डॉक्टरसाहेबांनी फोडलेला काठ बुजवणाऱ्यांत तीही होती. मी कुणासाठी लढत होते ते मला तेव्हा नीट कळलं. दुपारी चार वाजता मला त्या बाकावर तीन डोकी हवी होती. त्याला मी शाळा म्हणत होते, गाव म्हणत होते आणि रोमानाचं भलं म्हणत होते. ती बाई मला घराबरोबर मागत होती, आणि मी ही तीन पोरं खोलीबरोबर धरून ठेवली होती.

"कागद आणलायस?" मी विचारलं.

आणला होता. पिशवीत पावाच्या जागी तोच होता. वकिलासमोर सोमवारी जावंच लागेल, पण सिल्व्हानने आधी हा होकाराचा कागद मागितला होता. मी चष्मा लावला. तिने जागा दाखवली. सही वाकडी आली. नवा कागद आहे का असं विचारणार होते, पण तिने तोवर तो छातीशी धरला होता.

"आत्या, तू ये हं फिस्पला. बसने पाऊण तास."

"बस राहिली तर येईन," मी म्हटलं, आणि मग तिचा चेहरा बघून, "येईन गं. जा, मुलांना सांग जा."

तिने मला मिठी मारली आणि निघाली. वर घराकडे चांगलीच चढण आहे आणि ती सकाळपासून चिखलात राबलेली, तरी पळत गेली. मी झाडू घेऊन दारात उभी राहिले. थोड्या वेळाने तळमजल्याच्या खिडकीतून तिघांचा आरडाओरडा ऐकू आला, पाठोपाठ कॉटवरून उड्या मारल्याचे धपाधप आवाज. लेअँडरचा आवाज सगळ्यांत मोठा. तिघंही आनंदाने ओरडत होती.