चिमूटभर काळी पूड

ज्याच्या अंगाला सडक्या मासळीचा वास येतो, त्याला शास्त्रज्ञ म्हणायला जग तयार असते; बायको नसते. औषधांसाठी अमाइन नावाची रसायने हाताळण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली होती आणि तो वास कातडीत मुरला होता. साबण हरले, अत्तरांनी माघार घेतली, दाराबाहेर त्याच्या कपड्यांसाठी वेगळी खुंटी आली. शेवटी, "एकतर हा वास राहील, नाहीतर मी," असे सांगून बायको भावाकडे निघून गेली.

तो तिला आणायला गेला, तेव्हा मेहुण्याने आधी खिडक्या उघडल्या. तिने मात्र प्रथमच त्याच्या कामाची चौकशी केली.

"अमाइनमध्ये अल्कोहोल आणि चिमूटभर धातूची काळी पूड घालून तापवत ठेवायचं," तो म्हणाला. "पूड अमाइनला बदलते. वास गेला की समजायचं, काम झालं. मग पूड गाळून घ्यायची. ती होती तशीच असते."

"आणि आधीचं अमाइन? ते कुठं जातं?"

"जाणार कुठं? ते उरतच नाही."

ती उठली आणि बॅग भरू लागली.

घरी आल्यावर तिने नाकाला रुमाल लावला नाही. खुंटी काढून टाकली. रोज संध्याकाळी ती त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवी. लग्नाच्या पहिल्या वर्षातही असे लाड झाले नव्हते. सुखाची सवय नसल्यामुळे त्याने कारण विचारले नाही.

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला एरवी मान न वळवता "या, मासळीबाजार" म्हणायचा. तो एकदा दचकला. "कधी आलात? चाहूलच लागली नाही." मग फाटकावरच्या रखवालदाराने ओळखपत्र मागितले आणि फोटोवरून चेहऱ्याकडे, चेहऱ्यावरून फोटोकडे बराच वेळ पाहिले. ज्या अग्रलेखांवर तो आयुष्यभर चिडत आला होता, ते त्याला पटू लागले. तेव्हा मात्र तो घाबरला.

एका सकाळी शर्ट धुवायला टाकताना त्याला पाठीवर पाच बोटांचे काळे ठसे दिसले. काजळीहून बारीक अशी ती पूड त्याने डोळे मिटूनही ओळखली असती. घरी त्याने ती कधीच आणली नव्हती.

"हे काय आहे?"

बायको जवळ आली. शर्टाकडे न पाहता तिने त्याच्या मानेशी नाक नेऊन शांतपणे हुंगले.

"अजून थोडा येतोय," ती म्हणाली आणि तिने तळहात त्याच्या उघड्या पाठीवर ठेवला. तळहात चांगलाच तापलेला होता.

त्याला तो हात झटकून टाकायचा होता. पण का, ते काही केल्या आठवेना.