वरची खाली

टिकारामभाऊंनी जिन्यातच गाठलं. "काकाजी, इतवारले सकाळीच वरची खाली कराची हाय बरं. तुमाले थोडा तरास होईन, पण काय करता? पोट्ट्यायची रोजची तक्रार. वास येते म्हणतात."

"हो, हो. बरोबर आहे," मधुकरराव म्हणाले आणि दुधाची पिशवी सांभाळत वर आले. दार लावल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण का म्हणून विचारलंसुद्धा नाही. पण न विचारणं ही त्यांची जन्माची खोड.

भंडाऱ्यात बसस्थानकामागच्या त्या गल्लीत घरं थोडी आणि भाड्याच्या खोल्या फार. कोणी पोलीस भरतीच्या तयारीला आलेलं, कोणी दवाखान्यात नोकरीला, कोणी बँकेत नवं लागलेलं. संध्याकाळी मेसचे डबे आणि मोटारसायकली यांतून वाट काढावी लागे. टिकारामभाऊंचं खाली पितळी भांड्यांचं दुकान आणि वर भाडेकरू. खोल्यांना नंबर नव्हते. दुकानामागची, जिन्याखालची, मधली, कोपऱ्याची असं म्हणायचं. गच्चीवर मधुकररावांची, ती वरची.

सगळ्या इमारतीत म्हातारे ते एकटेच.

'खाली करा' हे शब्द त्यांना नवे नव्हते. जवाहरनगरच्या कारखान्यात कारकुनी करून निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर खाली करावं लागलं. पत्नी तोवर गेलेली होती. मग पुतण्याकडे राहिले. त्याने कधी जा म्हटलं नाही, पण पुस्तकांच्या जागी धानाची पोती ठेवायची आहेत असं सूनबाई प्रेमाने दोनदा म्हणाली. या वरच्या खोलीत मात्र कोणी काही म्हणत नव्हतं. खिडकीजवळ पुस्तकं होती, वाचनालय चालत जाण्याजोगं होतं, आणि जिन्यात भेटणारी पोरं 'काकाजी' म्हणत होती. हे फार दिवस टिकणार नाही, अशी शंका त्यांना पहिल्यापासून होतीच.

आणि आता वास. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला वास येतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी शर्ट हुंगला, चादर हुंगली, मग पुस्तकं हुंगली. जुन्या पुस्तकांना तर वास येणारच. तसा हल्ली चहालासुद्धा कसलासा कुबट वास येई. त्यांनी पातेलं घासघासून पाहिलं होतं आणि शेवटी आपलं नाकच म्हातारं झालं असं ठरवून आलं वाढवलं होतं.

पण खरी तक्रार दुसरीच असणार. पत्नीची नजर अधू झाल्यावर ते तिला रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवत. ती गेली तरी सवय राहिली. भिंतीपलीकडे, गच्चीवरच्याच कोपऱ्याच्या खोलीत, खुशबू नावाची नर्स राहत होती. रात्रपाळी करून सकाळी झोपणारी पोर! तिने किती दिवस सोसलं असेल बिचारीने. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाचणं बंद केलं.

मग खोली शोधणं आलं. मागच्या गल्लीत पाटी पाहून ते एका दारात उभे राहिले. घरमालकीण पायापासून डोक्यापर्यंत पाहत म्हणाली, "एकटेच का जी? राग नका मानू बाबाजी, पण उद्या काही झालं तं पाहीन कोण? आमी जवानच ठेवतो." आणखी एका ठिकाणीही तेच, फक्त चहा देऊन. पुतण्याला फोन करावा लागणार, हे कळून चुकलं. शनिवारी त्यांनी किराणावाल्याकडून रिकामी पोती आणली आणि पुस्तकं भरली. फोन मात्र उद्यावर ढकलला.

रविवारी सकाळी दार वाजलं. पोलीस भरतीवाला कुलदीप, पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, हातात बादली.

"काकाजी, झाली का तयारी?"

"झाली," मधुकरराव म्हणाले. "सामान फारसं नाही. ही पोती तेवढी जड आहेत."

कुलदीपने आत डोकावलं. भिंती उघड्या, गादी गुंडाळलेली, पोत्यांची तोंडं सुतळीने बांधलेली. "हे काय जी? गावाले चालले का?"

"खाली करायची ना आज. वरची."

कुलदीप गच्चीकडे तोंड करून ओरडला, "भाऊ! ओ भाऊ! काकाजीनं खोलीच खाली केली!"

पाण्याच्या टाकीला लावलेल्या शिडीवरून टिकारामभाऊंनी खाली पाहिलं. डोक्याला टॉवेल, हातात खराटा. "काय केलं?"

"तुमी म्हणलं ना, वरची खाली कराची!"

"अरे बाप्पा! टाकी, टाकी जी! खालची टाकी साफ झाली, आता वरची! तुमाले पाणी भरून ठेवा लागन म्हणून सांगतलं." ते शिडी उतरून दारात आले आणि पोती पाहून कपाळाला हात लावला. "विचाराचं तरी होतं! तुमी गेले तं या खोलीत मले आणखी एखादा फटफटीवाला ठेवा लागन. त्यापेक्षा मीच गाव सोडतो."

"आणि वास?"

"पाण्याले! तुमाले नाही आला का?"

मधुकरराव पोत्यावर बसले. हसू येत होतं ते दाबताही येत नव्हतं. "आला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, माझाच असेल."

कुलदीप असा हसला की बादली हातातून सुटली. त्या आवाजाने कोपऱ्याचं दार उघडलं आणि खुशबू डोळे चोळत बाहेर आली. "काय होऊन राहिलं? अन् काकाजी, तब्येत बरी हाय ना? वाचणं काहून बंद केलं?"

"तुझी झोपमोड होते म्हणून..."

"कायची झोपमोड! ड्युटीवरून आली का तुमचं ऐकता ऐकता डोळा लागते. चार दिसांपासून नुसती कड पालटून राहिली मी." मग जरा चाचरत म्हणाली, "एक तक्रार हाय पण. सांगू का? अर्ध्या पानानंतर तुमचा आवाज खाली जाते. गोष्टच राहून जाते."

"खाली जाते!" टिकारामभाऊ म्हणाले. "खबरदार, आज कोणी खाली म्हणलं तं."

ते आणि कुलदीप टाकीकडे परतले. खराट्याचा खरखर आवाज सुरू झाला. मधुकररावांनी सुतळीची गाठ सोडायला घेतली. गाठ त्यांनी स्वतःच फार पक्की मारली होती. वाचत होते ते पुस्तक कोणत्या पोत्यात होतं, तेही आठवेना. दारातून निघालेल्या खुशबूला त्यांनी थांबवलं आणि विचारलं,

"कुठवर ऐकलं होतंस?"

"ते बाई नदीच्या घाटावर गेली, अन् नावाडी म्हणते बस. तेथवर."

"म्हणजे तुला काहीच माहीत नाही," मधुकरराव म्हणाले, आणि त्यांनी आख्खं पोतं जमिनीवर ओतलं.