आतली कडी

धाकट्या बहिणीला जुळी झाली, त्याच वर्षी मी आणि नवरा कोर्टात शेजारी शेजारी उभे राहिलो. घटस्फोट दोघांच्या संमतीने. तो कसा काय राजी झाला, देव जाणे.

दवाखान्याच्या शिवणखोलीत चादरी शिवून मी वेगळी खोली घेतली होती. तो मनात येईल तेव्हा यायचा. दार उघडलं नाही तर लाथा घालायचा. चौकीत गेले, तर हवालदार म्हणाला, "नवराच आहे ना? चोर तर नाही." मला फार काही नको होतं. दाराला आतून कडी लावता यावी, एवढंच.

सह्या झाल्या. मला वाटलं, सुटले. येतानाच जाड लोखंडी कडी घेतली, सुताराकडून बसवून घेतली. शिवणखोलीत सगळ्यांना चहा पाजला.

रविवारी दुपारी तो आला आणि लाथेसरशी कडी चौकटीतून उपटली.

माझ्या वकीलबाईंना जाऊन सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, अर्ज नुसता दाखल झालाय. सहा महिने थांबायचं. मग दोघांनी पुन्हा जाऊन तेच सांगायचं. तेव्हा कुठे हुकूम."

"म्हणजे ही कच्ची शिलाई."

"तसंच समजा."

"आणि त्यानं दोरा ओढला तर?"

वकीलबाईंनी पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली.

त्यानं ओढलाच. दुसऱ्या वेळेला फिरकला नाही. बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "तुला मोकळी करायला मी काय खुळा आहे? म्हातारपणी मला कोण बघणार?"

मग मी एकटीनं दावा लावला. आता छळ सिद्ध करायचा होता. माझ्या फुटलेल्या कपाळावर जिनं ओला फडका धरला, ती शेजारीण म्हणाली, "आम्हाला कशाला कोर्टात ओढता, बाई?" लग्न लावताना माझ्याकडे कुणी साक्षीपुरावा मागितला नव्हता. विचार करायला सहा महिनेही दिले नव्हते.

प्रत्येक तारखेला त्याचा वकील सांगायचा, अशील आजारी आहे. की पुढची तारीख. एकदा मी उठून म्हणाले, "साहेब, परवाच माझं दार फोडून गेलाय. आजारी माणसाच्या पायात एवढं बळ असतं?"

"बाई, खाली बसा. वकिलामार्फत बोला."

तो न येता त्याचं ऐकलं जात होतं. मी पगार बुडवून येत होते, तर मला खाली बसवत होते.

वर्षं गेली. जुळी शाळेत जायला लागली. शेवटी शेजारणीला लाज वाटली असावी. तिनं साक्ष दिली. निकालाचा सोमवार ठरला.

त्याआधीच दीर दारात उभा राहिला, हातात नवऱ्याची पत्र्याची पेटी. "वहिनी, दादा गेला. हे आता तुमचंच."

वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दावा संपला, मावशी. मेलेल्या माणसापासून घटस्फोट मिळत नाही. तुम्ही आता त्याच्या विधवा."

"मला त्याची कुणीच राहायचं नाही, हेच तर इतकी वर्षं सांगत होते."

"हुकूम झाला नव्हता ना."

पेटी मी आत घेतली नाही. ती जिन्याखाली आहे; हवी त्यानं न्यावी. सुताराला बोलावून कडी पुन्हा बसवून घेतली आणि आतून लावली. बाहेरून ढकलणारं आता कुणी नव्हतं.

माझा नवरा निकालाच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी, भावाच्या घरी चहा पिता पिता वारला. तेव्हा मी त्याची बायको होते.